घरातली हिंसा आणि शाळेची नजर : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

घरात मार खाणारे मूल घराबाहेरच्या ज्या प्रौढ व्यक्तीच्या नजरेसमोर रोज येते, ती व्यक्ती बहुधा त्याची शिक्षिका किंवा शिक्षक असते. आज हे उघड वाटते. पण शाळेकडे या दृष्टीने पाहायला समाजाला शंभराहून अधिक वर्षे लागली आणि एवढ्या काळात ‘मुलाला वाचवण्याचे काम नेमके कोणाचे’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले.

हा इतिहास बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या मेरी एलन विल्सन या मुलीपासून सांगितला जातो. तिला सांभाळणारी बाई तिला जवळजवळ रोज मारत असे आणि घराबाहेर पडू देत नसे. १८७४ मध्ये एट्टा व्हीलर या सेवाभावी कार्यकर्तीने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणारे हेन्री बर्ग यांच्याकडे दाद मागितली आणि प्रकरण न्यायालयात गेले. मुलगी हीसुद्धा एक ‘प्राणी’ आहे असा युक्तिवाद करून तिची सुटका झाली, ही कथा आजही सांगितली जाते. ती आकर्षक असली तरी खरी नाही. बर्ग यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील एल्ब्रिज गेरी यांनी बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे कोणाच्या ताब्यात असलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करायला लावणाऱ्या, कायद्यातील तरतुदीचा आधार घेतला होता. मुलांवरील क्रूरता रोखण्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली ती या प्रकरणानंतर. या साऱ्या हकिगतीत शाळा मात्र कुठेच नाही. योगायोग असा, की न्यूयॉर्क राज्याने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा त्याच वर्षी केला. मूल शाळेच्या पटावर आले, की त्याची गैरहजेरी कोणाच्या तरी लक्षात येते. पुढच्या साऱ्या उपायांचा पाया या साध्या गोष्टीवर रचला गेला.

तरीही त्या काळची शाळा मुलाचे आश्रयस्थान होती असे म्हणता येत नाही, कारण छडी तिथेही होतीच. पोलंडने १७८३ मध्येच शाळेतील शारीरिक शिक्षा बंद केली होती, पण तो अपवाद ठरला. इंग्लंडमधील सरकारी शाळांत ही बंदी लागू व्हायला १९८७ साल उजाडले. स्वीडनने आधी शाळेतला मार थांबवला आणि नंतर १९७९ मध्ये, जगात सर्वप्रथम, घरातल्या मारावरही कायद्याने बंदी घातली; या कायद्याची माहिती तिथे दुधाच्या खोक्यांवरसुद्धा छापण्यात आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. जी संस्था स्वतः हात उगारते, तिच्याजवळ मूल घरातल्या हाताविषयी बोलेल, ही अपेक्षाच व्यर्थ आहे.

शिक्षकाची भूमिका कायद्यात आली ती वैद्यकशास्त्राच्या वाटेने. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्पे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये मारहाणीने जखमी झालेल्या मुलांवर एक लेख प्रसिद्ध केला. त्यांनी ७१ रुग्णालयांकडून माहिती मागवली, तेव्हा एका वर्षातल्या ३०२ घटना समोर आल्या. त्यांतील ३३ मुले दगावली होती. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी अशा संशयाची माहिती कळवणे बंधनकारक केले. आरंभी हा भार मुख्यतः डॉक्टरांवर होता, पुढे तो शिक्षकांवरही आला. भारतात २०१२च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत हे कर्तव्य प्रत्येक व्यक्तीवर टाकले.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विचार वेगळ्याच दिशेने वळला. १९७८ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे दुसरीतल्या एका मुलीवर बलात्कार झाल्यानंतर तिथल्या महिला कार्यकर्त्यांनी मुलांना स्वसंरक्षण शिकवणारा शालेय कार्यक्रम तयार केला. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ हा धडाही याच काळात अमेरिकेत रुजला आणि तिथून जगभर गेला. नाही म्हण, तिथून निघ, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांग, अशी ही शिकवण होती. तिच्यावर आक्षेपही लवकरच आले. अत्याचार करणारी व्यक्ती बहुधा ओळखीची, अनेकदा घरातलीच असते. मग सहा-सात वर्षांच्या मुलाने तिला नकार द्यावा, ही अपेक्षा ठेवून मोठी माणसे स्वतःची जबाबदारी त्याच्यावर ढकलत नाहीत काय, असा प्रश्न रेपुची आणि हॉगार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये विचारला. उत्तर एकाच बाजूचे मिळाले नाही. ८२५ महाविद्यालयीन तरुणींच्या एका पाहणीत (२०००) शाळेत असे धडे मिळालेल्यांपैकी ८ टक्के, तर न मिळालेल्यांपैकी १४ टक्के जणींनी अत्याचार झाल्याचे सांगितले. मात्र अशा पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही. २०१५ मध्ये अशा शालेय कार्यक्रमांच्या २४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मुलांची जाण वाढते हे दिसले, पण अत्याचार प्रत्यक्षात घटतात असे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही.

आई-वडिलांमधली हिंसा पाहणारे मूल तर बराच काळ पीडित मानलेच जात नव्हते. १९९८ मध्ये फेलिटी आणि आंडा या अमेरिकन डॉक्टरांच्या अभ्यासाने बालपणातील आघात आणि प्रौढपणातील आजार यांचा संबंध दाखवला, तेव्हा आईला होणारी मारहाण पाहणे हाही त्या आघातांच्या यादीत होता. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये कौटुंबिक हिंसेवर २२७ शिफारशी केल्या. परस्परसन्मानाचे नातेसंबंध सर्व सरकारी शाळांत शिकवावेत, ही त्यांतलीच एक. इथे मूल स्वतःचा बचाव शिकत नाही; उद्या आपण कोणावर सत्ता गाजवू नये, हे शिकते.

२०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि अमेरिकेतील अनेक राज्यांत अत्याचाराच्या तक्रारी झपाट्याने घटल्या. घरे सुरक्षित झाली होती असे मात्र नव्हे. तक्रार करणारे डोळेच मुलांपासून दूर गेले होते.

माहितीचा उलटा प्रवाह, म्हणजे पोलिसांकडून शाळेकडे जाणारा, इंग्लंडमधील प्लिमथ येथे २०११ मध्ये सुरू झाला. रात्री एखाद्या घरी कौटुंबिक हिंसेसाठी पोलीस गेले, तर दुसऱ्या दिवशी शाळा भरण्याआधी तिथल्या नेमलेल्या शिक्षकाला ते कळवायचे, एवढीच ही व्यवस्था होती, आणि २०२४ मध्ये तिला कायद्याचे बळ मिळाले. मुलाला त्यासाठी काहीही सांगावे लागत नाही. गृहपाठ का झाला नाही किंवा पहिल्याच तासाला झोप का येते, हे शाळेला आधीच ठाऊक असते.