पंपाची सवय लागत नाही

दम्यासाठी डॉक्टरांनी पंप लिहून दिला की घरात पहिला सूर हाच निघतो: "एकदा पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळी बरी." हे खरं नाही. आणि गोळी तर मुळीच बरी नाही.

साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाची एक गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. ती पोटातून रक्तात जाऊन अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपाच्या दोन फवाऱ्यांत मिळून 200 मायक्रोग्रॅम, म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या गोळीचा विसावा भाग, आणि तोही थेट श्वासनलिकांसाठी. काही मिनिटांत छाती मोकळी होते. पंप बराच काळ घ्यावा लागतो तो सवय लागते म्हणून नाही, दमाच जुनाट आहे म्हणून. चष्म्याचं 'व्यसन' लागलं असं कोणी म्हणतं का?

खरा घोळ वेगळाच आहे. ढोबळमानाने पंप दोन प्रकारचे: एक धाप लागल्यावर आराम देणारा, दुसरा आतली सूज आटोक्यात ठेवणारा, स्टेरॉइडचा. हा दुसरा बरं वाटत असतानाही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचा असतो. पण 'स्टेरॉइड' ऐकून नेमका तोच आधी बंद होतो, पहिल्यावरच भागवलं जातं, आणि एखाद्या रात्री दवाखान्यात धावावं लागतं.

डॉक्टरांसमोर एकदा पंप घेऊन दाखवा. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढतानाच दाबायचा, मग जमल्यास 10 सेकंद श्वास रोखायचा. लहान मुलांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात बुरशी धरू शकते.