भाला घेऊन समुद्रात उतरलेला माणूस, शार्क, अन् "डिवचलं कोणी?" : थोडी पार्श्वभूमी

आमच्या झाडीपट्टीत मामा (माजी मालगुजारी) तलावात नाहीतर वैनगंगेत मासे मारणाऱ्यांच्या घरची पोट्टी सध्या मोबाईलवर एकच प्रकार पाहत बसतात. निळंशार पाणी, खाली तळ दिसत नाही, एक माणूस श्वास रोखून भाल्याच्या बंदुकीनं मोठा मासा टिपतो अन् दोन-चार सेकंदात कुठून तरी शार्क येतो. पुढं माणूस वाचतो नाहीतर चावा बसतो, आणि खाली लोकं लिहितात की "यानंच डिवचलं, भोग आता". समुद्र इकडून दोन्ही बाजूंनी लांब आहे, पण ते वाक्य मला लय ओळखीचं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

भाल्यानं मासे मारणं, म्हणजे स्पिअरफिशिंग, हे खेळ म्हणून १९३० च्या दशकात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर वाढलं. गॉगल, पायात फिन्स, रबराच्या ताणावर सुटणारा भाला, एवढंच सामान. १९५७ साली युगोस्लाव्हियात पहिली जागतिक स्पर्धा झाली. तिथं शार्कची गोष्ट फारशी नव्हती, ती सुरू झाली दक्षिण ऑस्ट्रेलियात.

तिथं तीन वर्षांत तीन घटना झाल्या, तिन्ही भालेकरी. १९६१ मध्ये अल्डिंगाच्या किनाऱ्यावर एका नामांकित डायव्हरचा पाय ग्रेट व्हाइट जातीच्या शार्कनं धरला, त्यानं स्वतःच्या बंदुकीचं रबर काढून मांडीला आवळलं अन् रक्त थांबवलं. १९६२ च्या डिसेंबरात तिथून जवळच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर स्पर्धेत उतरलेला सोळा वर्षांचा पोरगा गेला. १९६३ च्या डिसेंबरात पुन्हा अल्डिंगा, पुन्हा स्पर्धा, आदल्या वर्षीचा चॅम्पियन पाण्यात होता आणि शार्कनं त्याला छातीपाशीच धरलं, फासळ्या मोडल्या, फुप्फुस फाटलं. त्यानं कसंबसं सोडवून घेतलं तर शार्क परत आला अन् मारलेले मासे बांधलेला तरंगा गिळला. त्या तरंग्याची दोरी याच्या कमरेला होती, म्हणून हा पण खाली ओढला गेला, दोरी तुटली तेव्हाच वर आला. अंगातल्या घट्ट रबरी सूटनं पोट जागेवर धरून ठेवलं आणि साडेचारशेच्या वर टाके पडले. तो माणूस जगला, अन् पुढं त्यानंच पिंजऱ्यात बसून शार्क पाहायची पद्धत उभी केली, शार्कच्या बाजूनं आयुष्यभर बोलला. मला या सगळ्या इतिहासात हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

त्याच १९६३ मध्ये शास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग छापला. पाण्याखाली स्पीकर लावून हलक्या, तुटक-तुटक, जाड आवाजाची धडधड वाजवली, जशी भाला लागलेला मासा तडफडताना होते. शार्क आले. रक्ताचा थेंब नाही, चारा नाही, फक्त आवाज. तलावात जाळ्यात मरळ धडपडते तेव्हा दोरी धरलेल्या हाताला कळते की नाही, तसं शार्कला ते सगळ्या अंगाला कळते, त्याच्या कुशीवर पाण्याची थरथर टिपणारी रेघच असते. जवळ आला की नाकाजवळच्या बारीक छिद्रांतून माशाच्या स्नायूंची वीज पण कळते. म्हणून आता शिकलेला डायव्हर मासा लागला की पहिले त्याच्या मेंदूत सुरी घालून तडफड थांबवतो, मासा अंगाशी ठेवत नाही, सरळ बोटीत टाकतो, आणि जोडीदार वरून पाहत असल्याशिवाय खाली जात नाही.

उथळ खडकात निदान पाठ टेकायला दगड असतो. मोकळ्या समुद्रात तसं काहीच नाही, मागून, खालून, कुठूनही येऊ शकतो, अन् भाल्याला लागलेला टुना दोरीसकट खोल पळत असतो. अशा वेळी अनुभवी लोकं सांगतात की पळू नका, शार्ककडं तोंड करा, डोळ्यात पाहा, वाटलं तर त्याच्याच दिशेनं दोन हात पुढं जा. पाठ दाखवणारा पळणाऱ्या माशासारखा दिसतो. आमच्या इकडं बिबट्यासमोर पळू नका सांगतात तेच.

आता त्या "डिवचलं" शब्दाकडं येतो, कारण खरा गुंता तिथं आहे. शार्कच्या चाव्यांची जगभरची एक नोंदवही आहे, १९५८ साली अमेरिकन नौदलाच्या पैशातून सुरू झालेली, आता फ्लोरिडातल्या एका संग्रहालयात. तिच्यात दोन मोठे रकाने, अनप्रोव्होक्ड अन् प्रोव्होक्ड, म्हणजे शार्क आपणहून आलेला अन् माणसाच्या कामानं आलेला. पोहणारा, लाटेवर फळी घेऊन बसलेला, हे पहिल्यात. शार्कला हात लावणारा, खाऊ घालणारा, जाळ्यातून सोडवणारा, आणि भाल्यानं मासे मारणारा, हे दुसऱ्यात. भालेकऱ्यानं शार्ककडं पाहिलं पण नसेल तरी दुसऱ्यातच. १९६३ च्या त्या चॅम्पियनला आजची व्याख्या अक्षरशः लावली तर तो पण दुसऱ्यातच जातो. २०२४ मध्ये पहिल्या रकान्यात ४७ चावे होते, दुसऱ्यात २४.

या विभागणीमागचं कारण मला पटते. शार्क आपणहून माणसाकडं किती वेळा येतो हे मोजायचं तर जिथं पाण्यात मासा तडफडत होता त्या घटना वेगळ्या काढाव्याच लागतात, नाहीतर आकडा फसवा होईल. पण शब्द चुकीचा निवडला. "प्रोव्होक्ड" ऐकलं की माणसाला दोष ऐकू येतो, मराठीत तर "डिवचलं", "खोडी काढली" असं होते अन् आणखीनच बोचते. नोंदवही म्हणते फक्त एवढं की माणसाच्या कामानं शार्क आला. वाचणारा समजतो की याची लायकीच तेवढी. यात फरक आहे बापा, मोठा फरक आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला भल्या पहाटे बाया जंगलात जातात, वाकून वेचताना वाघानं धरलं की दुसऱ्या दिवशी शहरातला कोणीतरी विचारते "काहून गेली होती जंगलात?" वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो हे कारण आहे, तो गुन्हा नाही. कारण अन् गुन्हा एकाच शब्दात कोंबले की वाघाचं पण नुकसान होते अन् माणसाचं पण.

"हल्ला" या शब्दावर पण असाच वाद झाला. २०१३ मध्ये दोन अभ्यासकांनी मांडलं की दिसणं, जवळ येणं, चावा, आणि जीवघेणा चावा असे चार वेगळे शब्द वापरा, सगळ्याला हल्ला म्हणू नका. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही सरकारी खात्यांनी "चावा", "घटना" असं म्हणणं सुरू केल्याच्या बातम्या आल्या तर लोकं भडकले, की ज्याचा पाय गेला त्याला हे कसं सांगता. मला दोन्ही बाजू कळतात. पण शार्क नुसता गोल फिरून गेला त्यालाही हल्ला म्हणणं चूकच आहे, अन् मोबाईलवरच्या बऱ्याच व्हिडिओत तेवढंच घडते.

अलीकडची गंमत वेगळीच आहे. १९७० पासून २०१८ पर्यंत मोकळ्या समुद्रातले शार्क अन् रे (पाकट मासे) मिळून ७१ टक्के घटले, हे २०२१ ला छापून आलं. आणि त्याच काळात भालेकरी सांगतात की शार्क वाढले. त्यांना शार्क "टॅक्सवाला" वाटतो, मासा मारला की हिस्सा घ्यायला हजर. दोन्ही खरं असू शकते. काही किनाऱ्यांवर संरक्षणामुळं ठरावीक जाती परत आल्या, दक्षिण आफ्रिकेनं ग्रेट व्हाइटला १९९१ लाच वाचवलं होतं, आणि जिथं रोज बोटी येतात तिथले शार्क इंजिनाचा आवाज ओळखायला शिकतात. विजेचा झटका देऊन शार्क दूर ठेवणारी यंत्रं पण आली. २०१८ च्या एका चाचणीत यंत्र नसताना ९६ टक्के वेळा शार्कनं आमिष खाल्लं, सगळ्यात चांगल्या यंत्रानं ते ४० वर आणलं. म्हणजे यंत्र लावूनही दहातले चार.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात वैतरणेच्या खाडीत मासे धरायला उतरलेल्या माणसाच्या पायाचा शार्कनं लचका तोडला. बुल शार्क गोड्या पाण्यात पण चढतो, त्याला खाडी काही परकी नाही. त्या माणसाच्या हातात भाला नव्हता, शार्कशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, तो पोटासाठी पाण्यात होता. बातमीत "हल्ला" आलं. नोंदवहीत तो कोणत्या रकान्यात बसवायचा हे व्याख्या वाचून ठरवायला गेलो तर मासे धरण्याच्या नेमक्या पद्धतीवर अडते, अन् आमच्या घाटावरच्या ढिवर काकांना मी ते विचारलं तर ते म्हणाले, "पाण्यात तो पण जेवाले आला, हा पण जेवाले आला."