रेकॉर्डचा गोडवा फक्त व्हॉल्व्हमध्येच असतो का?

‘रेकॉर्ड ऐकायची तर व्हॉल्व्हचाच फोनो स्टेज हवा, ट्रान्झिस्टरवर आवाज कोरडा होतो,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या, आणि फोनो स्टेज म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल वाढवून अॅम्प्लिफायरकडे देणारा भाग. लातूर-नांदेडकडे व्हॉल्व्हच्या रेडिओचा भरदार आवाज कानात असलेली माणसं अजून आहेत, त्यामुळे ते पटतंही.

पण फोनो स्टेज करतो काय? रेकॉर्ड कापताना खर्ज दाबतात आणि वरचे सूर चढवतात. नाहीतर खर्जाच्या खाचा फार रुंद होतील आणि सुईची खरखर वर येईल. फोनो स्टेज हे उलटं करतो: 1000 हर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढ, 20,000 हर्ट्झला जवळपास तेवढीच घट. हे अचूक झालं की आत व्हॉल्व्ह आहे की ट्रान्झिस्टर, याने फारसं बिघडत नाही. मूव्हिंग कॉइल पिकअप (सुईबरोबर हलणाऱ्या बारीक तारेच्या वेटोळ्यातून सिग्नल देणारा) तर बहुधा अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी देतो, म्हणून यंत्राची स्वतःची खरखर लगेच ऐकू येते. तिथे मी कमी खरखरीचा ट्रान्झिस्टरच निवडेन. काही व्हॉल्व्ह यंत्रांचा गोडवा खराच असतो, पण तो यंत्राने घातलेली भर असते.

पडताळा घरीच घ्या. टेस्ट रेकॉर्डवरचा 1000 हर्ट्झचा सूर लावून व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर अशा दोन्ही फोनो स्टेजची पातळी मल्टिमीटरने सारखी करा, कारण किंचित मोठा आवाजही जास्त भरदार वाटतो. मग घरातल्या कुणालातरी गुपचूप अदलाबदल करायला सांगा, आणि तुम्ही यंत्राकडे पाठ फिरवून, कोणता चालू आहे ते दहा वेळा वहीत लिहा.