पार्श्वभूमी : एक गेम, हजार फोन

बेळगावच्या खडेबाजारात किंवा निपाणीच्या स्टँडाजवळ मेमरी कार्डात गेम भरून देणारे दुकानदार आधी विचारायचे, "मॉडेल कुठलं?" त्याला कारण होतं. १२८ बाय १२८ पिक्सेलच्या पडद्याचा जावा गेम (जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला) २४० बाय ३२०च्या फोनात टाकला, की चित्र कोपऱ्यात चिकटून बसायचं आणि बाकी पडदा पांढरा.

१९९७चा स्नेक नोकिया ६११० मध्ये आधीपासूनच असायचा, तेव्हा हा घोळ नव्हता. तो सुरू झाला २००० साली मोबाइल जावाचं एमआयडीपी १.० हे प्रमाणक, म्हणजे साध्या फोनांवर जावा चालवायचे ठरलेले नियम, आल्यावर. जावाची घोषणा होती, एकदा लिहा, कुठंही चालवा. प्रत्यक्षात डाव्या-उजव्या बटणांचे कोडसुद्धा नोकिया, मोटोरोला, सीमेन्सचे वेगवेगळे. नोकियाच्या सिरीज ४० या साध्या फोनांपैकी कित्येकांत ६४ केबीपेक्षा मोठी जार फाइल, म्हणजे जावा गेमची फाइल, चालायचीच नाही. मग एकाच गेमच्या कितीतरी आवृत्त्या काढाव्या लागत, आणि 'पोर्टिंग', म्हणजे एका फोनचा गेम दुसऱ्यावर चालता करणं, हा स्वतंत्र धंदाच झाला.

२००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं तेव्हा आयफोनचा पडदा एकाच मापाचा होता. तो निवांतपणा अँड्रॉइडनं घालवला. ओपनसिग्नल या मोबाइल नेटवर्क मोजणाऱ्या कंपनीच्या मोजणीत २०१२ ला ३,९९७ प्रकारची अँड्रॉइड उपकरणं निघाली, २०१५ ला २४,०९३.

माझ्या मते पडद्याचं माप हा सोपा भाग. युनिटीसारख्या गेम इंजिनांनी (गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरनी) तो बराचसा सोडवला. खरी डोकेदुखी ग्राफिक्स चिपची. पॉवरव्हीआर चिपला पीव्हीआरटीसी पद्धतीनं दाबलेली (कमी जागेत बसवलेली) चित्रं लागत, ॲड्रेनो चिपला एटीसी पद्धतीची. जवळपास सगळ्या अँड्रॉइड फोनांवर चालणाऱ्या ईटीसी१ पद्धतीत पारदर्शकताच नाही. त्यामुळे एका फोनवरचं झाड दुसऱ्यावर काळा ठोकळा.

त्यात रॅम. २०१६ ला जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, पण खानापूर-हुक्केरीकडच्या गावांत हातातला फोन बहुधा एक-दोन जीबीचाच. अशा फोनांसाठी २०१९ मध्ये पबजीची लाइट आवृत्ती भारतात आली. ऑगस्ट २०२१ पासून गुगल प्लेवर नव्या ॲपना ॲप बंडल, म्हणजे सगळ्या फोनांच्या फाइल एकत्र असलेला गठ्ठा, सक्तीचं आहे. फोन बघून त्याला लागतील तेवढ्याच फाइल स्टोअर पाठवतं.

आपल्या मराठी-कन्नड सीमाभागाला जास्त छळणारी गोष्ट मात्र लिपीची. बरीच गेम इंजिनं अक्षरं स्वतःच रंगवतात, फोनच्या लिपी-व्यवस्थेला विचारत नाहीत. मग मराठीतली पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, आणि कन्नडचे ओत्ताक्षर (जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन) खाली बसायचे सोडून शेजारी उभे राहतात. एकाच गेममध्ये दोन्ही भाषा द्यायच्या तर ही दुरुस्ती दोनदा करावी लागते.