चांगलाच हात बांधायचा?

अर्धांगवायूने उजवा हात गेला, माणूस डाव्या हाताने कसाबसा कप धरतोय, आणि फिजिओ सांगतात की डाव्यावर जाड हातमोजा चढवा, म्हणजे उजवा वापरावाच लागेल. घरच्यांना हा छळ वाटतो. या छळाची सुरुवात माकडांपासून झाली.

1895 मध्ये मॉट आणि शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी माकडाच्या एका हाताच्या फक्त संवेदना नेणाऱ्या नसा मणक्यापाशी कापल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात टाकूनच दिला. संवेदना नाही तर हालचाल नाही, असा अर्थ निघाला आणि तो बरीच वर्षं टिकला. पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब आणि सहकाऱ्यांनी अशाच माकडाचा धडधाकट हात बांधला. भुकेपोटी का होईना, माकड टाकलेल्या हाताने खाणं उचलू लागलं. म्हणजे हात मेला नव्हता. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत तो खरोखरच हलत नव्हता, प्रयत्न फसत होते, दुसऱ्या हातावर भागत होतं. पुढे ताकद आली तरी सवय तीच राहिली. 1917 मध्ये ऑग्डेन आणि फ्रँझ यांनाही लकवा झालेल्या माकडांत चांगला हात अडवल्यावर सुधारणा दिसली होती, पण तिकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

दवाखान्यांत, अर्धांगवायूच्या रोग्यांना व्यायाम देणाऱ्यांत, वेगळाच वाद होता. लंडनच्या बर्टा बोबाथ स्नायूंचा ताठरपणा आधी मोडा म्हणत. अमेरिकेतल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम लकव्यानंतर उरलेल्या ओबडधोबड हालचालींचा सुरुवातीला फायदा घ्या म्हणत. दोन्हीकडे रोगी थेरपिस्टच्या हाती. तो घरी जाऊन हात वापरतो की नाही, हा प्रश्न मागेच राही.

टॉबचं काम मात्र 1981 मध्ये अडलं. मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या प्रयोगशाळेत स्वयंसेवक म्हणून शिरलेल्या अ‍ॅलेक्स पाचेकोने 17 माकडांचे हाल उघड केले, पोलिसांचा छापा पडला. टॉब दोषी ठरले. 1983 मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, तोही कायद्याच्या मुद्द्यावर: प्राण्यांच्या छळाविरुद्धचा राज्याचा कायदा केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनाला लागू नव्हता. पिंजऱ्यांची अवस्था त्यामुळे चांगली ठरत नाही, आणि उपचाराचा उपयोग झाला म्हणूनही ठरत नाही.

पुढे अलाबामात टॉब यांनी अर्धांगवायूच्या झटक्याला वर्ष उलटलेल्या रोग्यांवर चांगला हात बांधायची तीच युक्ती वापरली. 1993 चा तो अभ्यास अगदी छोटा होता. मोठी चाचणी 2006 मध्ये छापून आली: 222 रोगी, झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले. जागेपणीचा 90 टक्के वेळ चांगल्या हातावर हातमोजा, दोन आठवडे, शिवाय कामाच्या दिवशी सहा तासांपर्यंत सराव. फरक वर्षभरानंतरही दिसला.

पण ही चाचणी पूर्ण लुळ्या हातासाठी नव्हतीच. मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळायला हवीत. किमान परीक्षा अशी: टेबलावरचं फडकं कसंही उचलायचं आणि सोडायचं.