लिनक्स सर्व्हरसाठी आयस्कझी स्टोरेज: अर्ज, कागदपत्रं आणि चाचणी

नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये ज्या कार्यालयांचे सर्व्हर आहेत, तिथे आयस्कझी स्टोरेजच्या, म्हणजे नेटवर्कवरून सर्व्हरला जोडायच्या डिस्कच्या, अर्जावर साधारणपणे दोन सह्या लागतात. एक विभागप्रमुखांची, दुसरी चाचणी झाल्यावरची. अर्ज अडकतो तो दुसरीपाशी.

पात्रतेत फार काही नाही. सर्व्हरचा आयपी स्थिर हवा, स्टोरेजच्या व्हीलॅनपर्यंत (त्याच्या वेगळ्या आभासी नेटवर्कपर्यंत) पोहोच आणि आयस्कझीचं पोर्ट ३२६० खुलं हवं, आणि जबाबदार म्हणून सध्या त्याच विभागात असलेल्या कर्मचाऱ्याचं नाव हवं.

सोबत मंजुरीचा मेल, चेंज रिक्वेस्टचा (बदलासाठी नोंदवलेल्या विनंतीचा) क्रमांक, किती जीबी जागा हवी तो आकडा आणि सर्व्हरचा आयक्यूएन (स्टोरेज ज्यावरून सर्व्हर ओळखतं ते नाव) जोडा. आयक्यूएन हाताने टाइप करू नका, सर्व्हरवरच्या इनिशिएटरनेम फाइलमधून जसाच्या तसा उचला. व्हर्च्युअल मशीन क्लोन केलेलं असेल तर आधी नवा आयक्यूएन तयार करून आयस्कझीडी (सर्व्हरवर आयस्कझीची जोडणी सांभाळणारी सर्व्हिस) रीस्टार्ट करा. नाहीतर दोन मशीनांचा आयक्यूएन एकच राहतो, दोघांना एकच लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दिसतो, आणि दोघांनी तो एक्सएफएस फाइल सिस्टिम म्हणून माउंट केला (वापरायला जोडला) की डेटा गेलाच म्हणून समजा.

आता चाचणी. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समध्ये आयस्कझीडीची सर्व्हिस सुरुवातीला 'इनॅक्टिव्ह' दिसते. हा बिघाड नाही, त्यावरून तक्रार नोंदवू नका. तिचं सॉकेट ऐकत असतं, म्हणजे गरज पडली की तिला उठवायला तयार असतं. डिस्कव्हरी (स्टोरेज शोधणं) आणि लॉगिन (त्याला जोडणं) केलं की सर्व्हिस आपोआप उठते. म्हणून लॉगिनच्या आधीचं आणि नंतरचं, दोन्ही स्टेटस जपून ठेवा. लॉगिननंतरही ती झोपलेलीच असेल, तर सॉकेट एनेबल आहे का ते पाहा.

खरी कसोटी रीबूटची. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने लिहा, कारण एसडीबी या डिस्कच्या नावाचं एसडीसी कधी होईल सांगता येत नाही. तिथेच '_नेटडेव्ह' (ही डिस्क नेटवर्कवरची आहे) हा पर्याय विसरलात, तर नेटवर्क येण्याआधीच माउंटची धडपड सुरू होते, ९० सेकंद वाट पाहून सर्व्हर थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातो. मग कन्सोल गाठणं आलं. रीबूटनंतर फाइल लिहून पाहायची ती रूटने (सर्वाधिकार असलेल्या युजरने) नव्हे, ॲप्लिकेशन ज्या युजरने चालतं त्याने. परवानगीचे घोळ तिथेच उघडे पडतात.

दोन्ही स्टेटस, रीबूटनंतरची आयस्कझी सेशनची (चालू जोडण्यांची) यादी आणि लिहिलेल्या फाइलचा तपशील अर्जाला जोडा. रॅकपाशी जायची वेळ येणार असेल तर प्रवेशपासाचा अर्ज वेगळा करावा लागतो, फोटो ओळखपत्रासह. तो आदल्या दिवशीच टाकलेला बरा.