चित्रपट रसग्रहण

चित्रपट रसग्रहण (चित्रपट रसास्वाद) : चौकट, प्रकाश, कॅमेऱ्याची जागा व हालचाल, ध्वनी आणि संकलन यांतून चित्रपटाचा अर्थ कसा घडतो, याचा प्रत्यक्ष चित्रपट समोर ठेवून केलेला अभ्यास. कथानकाचा सारांश किंवा गुणदोषांचा निवाडा हा त्याचा मुख्य हेतू नाही. भारतात या अभ्यासाला शिस्तशीर रूप मिळण्यात पुण्यातील संस्थांचा वाटा सर्वांत मोठा आहे.

दोन शॉट (सलग चित्रित केलेले तुकडे) जोडल्यावर दोहोंपैकी एकातही नसलेला अर्थ उमटतो, ही या अभ्यासातील पायाभूत धारणा. तिच्या पुष्ट्यर्थ रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. नट इव्हान मोझुखिन यांच्या निर्विकार चेहऱ्याचा शॉट वेगवेगळ्या शॉटना जोडला असता प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, शोक, कौतुक असे निरनिराळे भाव दिसले, असे सांगतात. मात्र प्रयोगाचा काळ निश्चित नाही; तो १९१८ ते १९२० च्या दशकाचा आरंभ यांदरम्यान झाला असावा. जोडलेल्या शॉटविषयीही एकवाक्यता नाही. रशियन दिग्दर्शक पुदोव्हकिन यांच्या कथनात सुपाची वाटी, शवपेटीतील स्त्री आणि खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी मुलगी येते. इतरत्र मुलीऐवजी कोचावर पहुडलेली स्त्री आढळते. खुद्द कुलेशोव यांच्या उत्तरकालीन आठवणींतील तपशील आणखी वेगळा आहे. मूळ फिल्म उपलब्ध नसल्याने निर्णय करता येत नाही. प्रिन्स व हेन्स्ली या अभ्यासकांनी १९९२ मध्ये प्रयोगाची पुनर्रचना केली, तेव्हा अपेक्षित परिणाम दिसला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तो काही अंशी दिसला. संदर्भाने चेहऱ्याचे वाचन बदलते, एवढेच विधान सुरक्षित ठरते. निव्वळ जोडणीतून कोणताही भाव निर्माण करता येतो, हा दावा मात्र पुराव्यापलीकडे जातो.

संकलनाकडे पाहण्याच्या दृष्टीही भिन्न आहेत. पुदोव्हकिन यांचा भर शॉटच्या क्रमबद्ध जुळणीवर, तर रशियन दिग्दर्शक आयझेनश्टाइन यांचा त्यांच्या संघर्षावर होता. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझां यांनी दीर्घ शॉट आणि खोलवर स्पष्ट दिसणारी चौकट यांना महत्त्व दिले. त्यात कुठे पाहायचे हे प्रेक्षक काही प्रमाणात स्वतः ठरवतो. प्रत्यक्ष चित्रपट तपासताना बाझां यांची भूमिका अधिक उपयोगी पडते, कारण चौकटीच्या आतील मांडणी तिच्यात दुर्लक्षित राहत नाही.

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. पुण्याच्या स्टुडिओत तयार झालेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटात राजगुरूच्या (चंद्रमोहन) डोळ्याचे पडदाभर समीपदृश्य आहे. त्यासाठी टेलिफोटो (दूरचे जवळ आणून दाखवणारे) भिंग वापरले गेले व तो भारतातील पहिला वापर होय, असे अनेक ठिकाणी नमूद आहे. ‘पहिला’ हे विशेषण जपून वापरावे लागते. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले आणि त्यांतील फार थोडे उरले आहेत. नष्ट झालेल्या चित्रपटांत काय होते ते तपासता येत नाही. शांताराम यांचा १९३३ मधील जर्मनीप्रवास लक्षात घेऊन या चित्रपटातील प्रकाशयोजनेचा संबंध जर्मन अभिव्यक्तिवादाशी (गडद छायाप्रकाशातून मनोवस्था दाखवणाऱ्या शैलीशी) जोडतात, ते संभवनीय वाटते. ‘कुंकू’मध्ये (१९३७) पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातच उद्भवणाऱ्या आवाजांवर भिस्त ठेवली आहे. ध्वनीतून अर्थ कसा घडतो हे दाखवायला याहून चांगले मराठी उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रभातच्याच जागेत, लॉ कॉलेज रस्त्यावर, १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली (आजची एफटीआयआय) आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ब्रिटिश अभ्यासक मारी सीटन यांच्या व्याख्यानांनी या विषयाला चालना दिली. आग्र्यात अर्थशास्त्र शिकवणारे व तेथील फिल्म सोसायटी (चित्रपट पाहून चर्चा करणारे मंडळ) चालवणारे सतीश बहादूर पुढे फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये रसग्रहणाचे प्राध्यापक झाले. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे (१९५५) शॉटगणिक विश्लेषण ही त्यांच्या अध्यापनाची ओळख होती, त्या चित्रपटाची पटकथाही त्यांनी पडद्यावरून पुनर्लिखित केली. हे काम चित्रपटाची प्रत पुन्हापुन्हा पाहता आल्यावरच शक्य होते. म्हणून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभारणारे पी. के. नायर यांचे संग्रहकार्य हा रसग्रहणाच्या इतिहासाचाच भाग मानावा लागतो. फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ व ‘कालिया मर्दन’ यांचे उरलेले भाग त्यांच्या प्रयत्नांमुळे हाती आले. दोन्ही संस्थांनी मिळून चालवलेला सुमारे महिनाभराचा उन्हाळी अभ्यासक्रम शिक्षक, पत्रकार व फिल्म सोसायटीचे कार्यकर्ते यांच्यापर्यंत पोचला. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

मराठीतून रसग्रहण मुख्यतः फिल्म सोसायट्यांच्या चर्चांतून व नियतकालिकांतील लेखांतून वाढले. पुण्याच्या श्यामला वनारसे यांनी मानसशास्त्राच्या अंगाने केलेले लेखन त्यात महत्त्वाचे आहे.